डोंगरापलीकडचा देश : जबल अलीत आखलेला आगगाडीचा प्रवास

आपण बेटावरची माणसे. आपल्या देशाची सीमा म्हणजे समुद्र, आणि ती ओलांडावयाची तर प्लेझांसच्या विमानतळाशिवाय गत्यंतर नाही. गाडीत बसावे, खिडकीतून बाहेर पाहत राहावे आणि पाहता पाहता एक देश संपून दुसरा सुरू व्हावा, हा अनुभव आपल्यापैकी फारच थोड्यांनी घेतला असेल. आपल्या मुलांना तर नकाशावरील दोन देशांमधली रेघ जमिनीवर कशी दिसते, हे शिकविताना आम्हा शिक्षकांची मोठी पंचाईत होते.

त्यातून आगगाडीशी आपला संबंधही मधे तुटलेला. १८६४ साली मॉरिशसमध्ये पहिली आगगाडी धावली. पोर्ट लुईहून क्युरपिपकडे चढणारी ती वाट आपल्या आजोबा-पणजोबांच्या परिचयाची होती. १९५६ मध्ये प्रवाशांची वाहतूक थांबली, १९६४ मध्ये मालगाड्याही थांबल्या, आणि रूळ उचलले गेले. त्यानंतर २०१९ मध्ये मेट्रो एक्सप्रेसचे उद्घाटन होईपर्यंत बेटावर लोहमार्ग नव्हता. माझ्या पिढीने आगगाडी पाहिली ती प्रथम पुस्तकात. म्हणून गेल्या सुटीत जबल अलीला भाचीकडे मुक्काम असताना आल्प्स पर्वतातून दोन देशांमध्ये धावणाऱ्या गाडीचा बेत निघाला, तेव्हा त्यात सर्वांत अधिक उत्साह कोणाला होता हे सांगावयास नको. तो बेत कसा आखला, कोठे अडला आणि कशासाठी त्यावर इतके दिवस खल झाला, हे आपल्या वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते. आपल्याकडील कित्येक घरांत आता मुले-मुली दुबईत आहेत, आणि दुबईमार्गे युरोपला जाण्याचे बेतही घरोघर होत असतात.

प्रथम जबल अलीविषयी दोन शब्द. अरबी भाषेत 'जबल' म्हणजे डोंगर. पण अलीचा हा डोंगर शोधू गेल्यास फार तर एक टेकाड हाती लागते. बाकी सगळी सपाट वाळू, तीवर गोदामे, आणि गोदामांपलीकडे बंदराच्या उंच याऱ्या. बंदर १९७९ मध्ये सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापारक्षेत्र स्थापन झाले. २०२२ मध्ये येथे मोठे हिंदू मंदिर उघडले. शेजारीच गुरुद्वारा आणि ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे आहेत. दुबई मेट्रोची तांबडी रेघ येथवर येते. मालगाडीचा लोहमार्ग तर बंदरातून निघून हजर पर्वताच्या पोटातून पार फुजैरापर्यंत जातो, आणि शेजारच्या ओमान देशाला जोडणाऱ्या हफीत रेल नावाच्या मार्गाचे काम दोन्ही देशांनी हाती घेतले आहे. म्हणजे पर्वत ओलांडून परदेशी जाणारी गाडी ही कल्पना या वाळवंटातही रुजू लागली आहे. आणखी एक मौज अशी की, दुबईचे घड्याळ आणि आपले घड्याळ एकच. सात तास विमानात बसूनही काटे फिरवावे लागत नाहीत.

भाची आपल्या बेटावरची, वाकवाची. जावई मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, मुक्त व्यापारक्षेत्रातील एका गोदामात हिशेबनीस. त्यांची आठ वर्षांची कन्या. आणि त्या दिवसांत जावयांच्या आईही रत्नागिरीहून मुलाकडे आल्या होत्या. त्या नात्याने माझ्या विहीणबाई. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, स्मरण मात्र तल्लख. त्यांचे आणि माझे मराठी ऐकून भाचीच्या कन्येला हसू फुटे, कारण विहीणबाईंच्या मराठीत कोकणीची आणि बेळगावाकडची फोडणी, तर माझ्या मराठीत पुस्तक आणि क्रेओल यांची खिचडी.

आता मूळ विषय. आल्प्समधली आगगाडी म्हटले की बहुतेकांच्या तोंडी ग्लेशियर एक्सप्रेसचे नाव येते. जावयांनीही प्रथम तेच काढले. पण ती गाडी झेरमाट ते सेंट मॉरित्झ अशी धावते आणि संपूर्ण प्रवासात स्वित्झर्लंडच्या बाहेर पडत नाही. दोन देशांमधून जावयाचे असेल तर मार्ग वेगळे. ऑस्ट्रिया आणि इटली यांना जोडणारा ब्रेनर खिंडीचा मार्ग १८६७ पासूनचा आहे. स्वित्झर्लंडमधून इटलीत नेणारा सिंप्लॉनचा बोगदा १९०६ मध्ये उघडला, पण जवळजवळ वीस किलोमीटर काळोखात बसून सीमा ओलांडण्यात पाहावयाचे ते काय? लोकार्नो ते दोमोदोस्सोला ही सेंतोवाल्लीची चिमुकली गाडी सुंदर आहे, तिच्याकडे एखाद्याने अवश्य वळावे. आमची निवड मात्र झाली ती बर्निना मार्गाची. ही गाडी पर्वताखालून जात नाही. ती पर्वतावर चढते आणि पलीकडे उतरते.

रेटियन रेल्वेचा हा मार्ग एक मीटर रुंदीचा, म्हणजे जुन्या हिंदुस्थानी मीटरगेजच्याच मापाचा आहे. स्वित्झर्लंडमधील कूर या गावापासून इटलीतील टिरानोपर्यंत जाताना ५५ बोगदे आणि १९६ पूल लागतात. त्यातला अल्बुला विभाग १९०४ पर्यंत आणि पुढचा बर्निना विभाग १९१० मध्ये पुरा झाला. वाटेत लँडवासर नदीवर ६५ मीटर उंचीचा दगडी पूल आहे. तो सरळ नाही, विळ्यासारखा वाकलेला आहे, आणि त्याचे दुसरे टोक उभ्या कड्यात शिरून तेथेच बोगदा सुरू होतो. पुढे ओस्पित्सियो बर्निना हे स्थानक २२५३ मीटरांवर आहे, आणि टिरानो ४२९ मीटरांवर. म्हणजे सुमारे ३८ किलोमीटरांत अठराशे मीटरांहून अधिक उतार. आपल्या बेटावरचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. तशी दोन शिखरे एकावर एक ठेवली तरी हा उतार त्यांच्याहून मोठा ठरतो.

असा उतार कसा साधला असेल? चढण फार असली की पुष्कळ ठिकाणी दोन रुळांमध्ये दातेरी पट्टी घालतात आणि इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकवतात. बर्निनावर तसे काही नाही. साध्या रुळांवर, केवळ चाकांच्या पकडीवर, दर हजार मीटरांस सत्तर मीटर असा चढ ही विजेची गाडी चढते. तुलनेसाठी सांगते : मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटात सर्वांत कठीण चढ ३७ मीटरांस एक मीटर असा आहे, आणि नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा २० मीटरांस एक. बर्निनाचा चौदास एक. उंची गमवावयाची पण उतार याहून तीव्र करावयाचा नाही, म्हणून अभियंत्यांनी रूळ नागमोडी वळविले, आणि ब्रुसिओ या गावी तर उघड्या कुरणात नऊ कमानींचा गोल पूल बांधून गाडीला स्वतःच्याच वाटेखालून काढले. वर्गात हे शिकवावयाचे झाल्यास कागदाची पट्टी घेऊन ती टेबलाच्या कडेवरून गुंडाळून दाखवावी. मुलांना चटकन कळते. २००८ मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी भारतातील कालका-सिमला मार्गालाही.

तेव्हा मार्ग ठरला. एका दिवसात विमानाची तिकिटेही काढून मोकळे व्हावे, अशी जावयांची घाई. येथेच मी त्यांना थांबविले. अशा प्रवासात डोंगर फारसा आड येत नाही, तो रेल्वेने शंभर वर्षांपूर्वी सोडविलेला प्रश्न आहे. आड येतात ते कागद. म्हणून आखणी कागदांपासून करावी.

आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच माणसे आणि दोन देशांचे पासपोर्ट होते. मी, भाची आणि तिची कन्या, आम्हा तिघींकडे मॉरिशसचा. २००९ मधील करारामुळे मॉरिशसच्या नागरिकांस शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. स्वित्झर्लंड आणि इटली हे दोन्ही देश त्यात मोडतात. जावई आणि विहीणबाई भारताचे नागरिक. त्यांना व्हिसा हवा. त्यातही जावयांस अमिरातीत रहिवासाचा परवाना असल्याने त्यांनी अर्ज दुबईत करावयाचा. विहीणबाई मुलाकडे पाहुण्या म्हणून आलेल्या, त्यांचा अर्ज मायदेशी, मुंबईच्या अर्जकेंद्रात. म्हणजे एकाच घरची, एकाच डब्यात बसणारी पाच माणसे, आणि त्यांच्या वाटा तीन. आपले पूर्वज आणि त्यांचे भाऊबंद एकाच कोकणातले. कोणी जहाजात बसला, कोणी घरी राहिला, आणि दीडशे वर्षांनी त्याचा परिणाम असा एका रकान्यात उमटतो.

व्हिसाचे नियम थोडक्यात देते, कारण आपल्याकडील लग्नसंबंधांमुळे अशी मिश्र कुटुंबे आता पुष्कळ आहेत. अर्ज ज्या देशात अधिक रात्री राहणार त्या देशाकडे करावा. रात्री समसमान असल्यास ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पण उन्हाळ्याच्या दिवसांत भेटीची वेळ मिळणेच कठीण, म्हणून तीन-चार महिने हाती ठेवावे हे माझे मत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांस ९० युरो झाले आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. आपण व्हिसामुक्त असलो तरी निर्धास्त राहू नये. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे संगणकात नोंदविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. व्हिसामुक्त प्रवाशांनी आधीच इंटरनेटवरून परवानगी घेण्याची 'एटियास' नावाची पद्धतही युरोपीय संघाने ठरविली आहे. तिकिटे काढण्यापूर्वी ती लागू झाली आहे काय, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे.

हे सगळे मी मोठ्याने वाचीत असता विहीणबाई भाजी निवडीत ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "गाडी सीमेवर किती वेळ उभी करतात हो? आणि पेट्या कोणत्या बाजूने तपासायला घेतात?"

हा प्रश्न कोठून आला हे कळावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. पर्वत उतरून परदेशात जाणारी आगगाडी आपल्या मराठी मुलुखाच्या उंबरठ्यावरच होती, हे आज कोणाच्या ध्यानीमनीही नसते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून सह्याद्रीपर्यंत लोहमार्ग घालण्यात आला आणि १८८८ मध्ये तो कॅसलरॉकला इंग्रजी हद्दीतील मार्गाला मिळाला. लोंढ्याहून निघालेली गाडी कॅसलरॉकला आली की ब्रिटिश हिंदुस्थान संपे. पुढे ३७ फुटांस एक फूट असा उतार, बोगद्यांमागून बोगदे, मधे दूधसागरचा धबधबा अगदी गाडीच्या अंगावर, आणि घाट उतरल्यावर कुळे. तेथे पोर्तुगाल! कॅसलरॉकला एका सरकारचे जकातवाले, कुळ्याला दुसऱ्याचे. १९४७ नंतर इंग्रजांच्या जागी भारत सरकारचे आले, एवढाच फरक.

विहीणबाईंचे माहेर खानापूरकडचे, आणि त्यांचे आजोळ गोव्यात सावर्ड्याला, याच लोहमार्गावर. पाचव्या वर्षी आईबरोबर केलेला तो प्रवास त्यांना आठवतो. कॅसलरॉकला सगळ्यांनी खाली उतरावयाचे, गाठोडी सोडावयाची, पितळी डबे उघडून दाखवावयाचे. कुळ्याला पुन्हा तेच, फक्त भाषा निराळी. आईने मामांसाठी नेलेल्या नव्या धोतरजोडीची घडी दोनदा मोडली गेली, म्हणून ती चिडली होती, एवढे त्यांच्या लक्षात आहे.

१९५५ मध्ये गोव्याचा प्रश्न पेटला. १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी होते. नाकेबंदी झाली आणि त्याच वर्षी ही गाडी बंद पडली. रूळ तेथेच होते, घाट तेथेच होता, खानापूर आणि सावर्डे यांमधले अंतर तेवढेच होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. या सहा वर्षांत विहीणबाईंची आजी सावर्ड्याला वारली. पत्र मुंबईला कोणाकडे तरी येऊन तेथून खानापूरला पोचले तेव्हा महिना लोटला होता. "आई पुढं गाडी सुरू झाल्यावर गेली," विहीणबाई म्हणाल्या, "पण कॅसलरॉकला तिनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलंच नाही. कोणी तपासायला येणार नव्हतं, तरी."

या हकिकतीनंतर जावईही काही वेळ बोलले नाहीत. आईच्या तोंडून हे त्यांनी प्रथमच ऐकले असावे.

मग मी विहीणबाईंस स्विस सीमेची स्थिती समजावून सांगितली. डोंगरापलीकडे पॉस्कियावोच्या खोऱ्यातून उतरत गाडी काम्पोकोलोन्यो या शेवटच्या स्विस स्थानकावर येते. तेथून इटली हाकेच्या अंतरावर आणि टिरानो अवघ्या काही मिनिटांवर. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ मध्ये शेंगेन व्यवस्थेत आले, तेव्हापासून या सीमेवर सर्वांचे पासपोर्ट पाहण्याची रीत नाही. मात्र तो देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे जकातीचा अधिकार शिल्लक आहे. अधिकारी डब्यात येऊ शकतात, विचारू शकतात, म्हणून पासपोर्ट पेटीत न टाकता अंगाशी ठेवावा. पण गाठोडी सोडून फलाटावर रांग लावणे नाही. "म्हणजे सीमा आली हे कळतं तरी कसं?" विहीणबाईंनी विचारले. खरे सांगावयाचे तर पाट्यांवरून आणि नाण्यांवरून. अलीकडे फ्रँक, पलीकडे युरो. त्यांचा यावर विश्वास बसला नाही. "तसं असेल तर मला ते बघायचंच आहे," त्या म्हणाल्या. तोपर्यंत 'मी येथेच बसते, तुम्ही जाऊन या' असे म्हणणाऱ्या विहीणबाई त्या क्षणी प्रवाशांच्या यादीत आल्या. आणि पाहा, या पाचांत जिला ती सीमा पाहण्याची सर्वांत अधिक ओढ, तिचाच कागद सर्वांत अवघड.

पुढची सर्व आखणी मग विहीणबाई समोर ठेवून झाली. जावयांचा आराखडा असा होता की, एका दिवसात कूरहून पारदर्शक छताच्या बर्निना एक्सप्रेसने टिरानोला जावे आणि संध्याकाळी परतावे. चार तास जाणे, तितकेच येणे. त्यांनी संगणकावर मिनिटांचा तक्ताही केला होता. गोदामात मालाच्या पेट्यांसाठी ही पद्धत उत्तम, पण शहात्तर वर्षांच्या बाईला सकाळी ५८५ मीटरांवरून उचलून दुपारपर्यंत २२५३ मीटरांवर नेऊन पुन्हा खाली आणावयाचे, यात घाई सोडून काही साधत नाही. शिवाय एक्सप्रेसच्या खिडक्या उघडत नाहीत आणि तिला तिकिटाखेरीज जागेचे आरक्षण सक्तीचे. त्याच रुळांवरून सेंट मॉरित्झ ते टिरानो साधी गाडीही जवळजवळ दर तासाला धावते. तिला आरक्षण लागत नाही, वाटेत उतरून मागच्या गाडीने पुढे जाता येते, कित्येक डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात, आणि उन्हाळ्यात काही गाड्यांना बिनछपराचे पिवळे डबेही जोडतात. दृश्य दोन्हींतून तेच. मी साध्या गाडीचा हट्ट धरला आणि तो मान्य झाला.

शेवटी बेत ठरला तो असा. जबल अलीहून सगळ्यांनी निघावयाचे, विहीणबाईंनी मुंबईहून दुबईला येऊन मिळावयाचे. जाताना झुरिकला उतरावे, परतताना मिलानहून विमान धरावे, म्हणजे तोच डोंगर पुन्हा उलटा चढावा लागत नाही. एक रात्र झुरिक, एक रात्र कूर. तिसऱ्या दिवशी लँडवासरचा पूल पाहत पोंट्रेसिना गाठावयाचे आणि तेथे दोन रात्री स्वस्थ राहावयाचे. उंच हवेची सवय व्हावी, गुडघ्यांस विसावा मिळावा. पाचव्या दिवशी सकाळच्या साध्या गाडीने बर्निना ओलांडून टिरानो. तेथे एक रात्र, मग कोमो सरोवराच्या काठाने अडीच तासांत मिलान आणि दोन रात्री. स्वित्झर्लंडच्या चार रात्री, इटलीच्या तीन. म्हणून व्हिसाचे दोन्ही अर्ज स्वित्झर्लंडकडे. टिरानोला स्विस आणि इटालियन अशी दोन स्थानके एकमेकांशेजारी आहेत, पेट्या ओढीत फार चालावे लागत नाही. स्विस रेल्वेचा प्रवासी पास टिरानोपर्यंत चालतो, पुढचे इटालियन तिकीट निराळे. सोळा वर्षांखालील मुले आई किंवा वडिलांबरोबर असल्यास पासवर फुकट जातात, तेव्हा कन्येचा खर्च वाचला. वेळापत्रक दर डिसेंबरात बदलते, जुने पाहून गाड्या ठरवू नयेत.

जागा कोणत्या बाजूची धरावी? दक्षिणेकडे जाताना उजवी. लँडवासरचे वळण, मोर्टेराचची हिमनदी, माथ्यावरचे लागो बियांको सरोवर, ब्रुसिओचा गोल, सारे बहुधा त्याच बाजूस. लागो बियांकोपाशी शिक्षकांनी अवश्य लक्ष द्यावे. त्याचे पाणी पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला मिळते. त्याच्याच जवळ दुसरे एक तळे आहे. त्याचे पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला जाते. महाबळेश्वरला पडलेला पाऊस जसा थोडक्यात अरबी समुद्राचा किंवा बंगालच्या उपसागराचा होतो, त्यातलाच हा प्रकार. आल्प ग्रुम या स्थानकावर उतरून तासभर बसावे, असेही मी लिहून ठेवले आहे. तेथून हिमनदीही दिसते आणि खालचे इटालियन बोलणारे खोरेही.

भाषेवरून आठवले. आपले फ्रेंच स्वित्झर्लंडमध्ये चालेल, अशी आपल्याकडे समजूत असते. ग्राउब्युंडेन या प्रांतात ते फारसे उपयोगी पडत नाही. तेथे तीन भाषा आहेत : जर्मन, इटालियन आणि रोमान्श. रोमान्श बोलणारे देशाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्यासही पोचत नाहीत, तरी १९३८ पासून ती देशाची राष्ट्रभाषा म्हणून मान्य आहे. शाळांतून शिकविली जाते, स्थानकांच्या नावांत दिसते. बेटावर मराठीचा तास घेणाऱ्या बाईला त्या प्रांतातील एखाद्या शाळेचे फाटक तरी पाहावेसे वाटले, तर नवल नाही. त्यासाठी पोंट्रेसिनाच्या दोन दिवसांतला एक दुपारचा वेळ मी स्वतःसाठी राखून ठेवला आहे, जावयांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

शिधाही ठरला. विहीणबाईंनी तुपातले बेसनाचे लाडू आणि पेढे यांची यादी केली होती. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणण्यास प्रवाशांना बंदी आहे, तेव्हा पेढे आणि तूप बाद. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, कडक भाकरी आणि लसणीची चटणी ठेवली. जुलै-ऑगस्टात तिकडे उन्हाळा असला तरी माथ्यावर गार वारा असतो. आपल्या क्युरपिपच्या थंडीत वापरतो ते स्वेटर पुरेल, पण कानाला गुंडाळावयास काही हवे.

राहिला एक प्रश्न, आणि तो कोणालाच उच्चारवत नव्हता. जावयांना व्हिसा मिळाला आणि विहीणबाईंना नाही मिळाला तर? पगाराचे पत्रक आणि रहिवासाचा परवाना असलेल्या माणसाची बाजू सोपी. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्धेस आपण परत येणार हे कागदाने पटवून द्यावे लागते : घराचा उतारा, बँकेचे पुस्तक, मुलाचे हमीपत्र. भाची म्हणाली, "आपण पुढं जाऊ, आईंना पुढच्या वर्षी नेऊ." शहात्तराव्या वर्षी पुढच्या वर्षाचा वायदा कोणी कोणास द्यावा? मी स्पष्टपणे माझे मत दिले : पाचही जणांचे कागद हाती येईपर्यंत एकही परत न होणारे तिकीट काढू नये. हॉटेले रद्द करता येतील अशीच धरावी. आणि व्हिसा नाकारला गेल्यास त्याच सुटीत सर्वांनी मुंबईमार्गे गोव्यास उतरून कुळे ते कॅसलरॉक हा घाट दिवसा जाणाऱ्या गाडीने चढावा. श्रावणात दूधसागर भरात असतो. आता तो मार्ग रुंद झाला आहे. दरडी कोसळून पावसाळ्यात गाड्या कधी रखडतात, तेवढी सवड ठेवावी. मला आणि भाचीच्या कन्येला भारताचा व्हिसा त्यासाठी लागेलच, म्हणजे या वाटेवर कागद आमचे अडणार.

विहीणबाईंना ही तोड पसंत पडली, तरी त्यांनी लगेच एक अट घातली. गाडी कोणतीही असो, सीमेच्या जागी त्यांना झोप लागली असल्यास हलवून जागे करावयाचे. जावयांनी तसे तक्त्यात लिहिले. मुंबईच्या अर्जकेंद्रातील भेटीची तारीख त्यांना मिळाली आहे. त्यापूर्वी नवी छायाचित्रे काढावयाची आहेत, आणि तहसील कार्यालयातून घराचा उतारा अजून यावयाचा आहे.